सत्तेचाळीसने भाग जातो

विजयमाला उद्या बोलायला उभी राहील की नाही, हे काही केल्या मनातून जात नाही.

माझी ही थोरली लेक सांगलीला कॉलेजात गणित शिकते. वर्गात ती एकटीच मुलगी. लहानपणी आष्ट्याला काकांच्या घरी पंगतीपुढे उभी राहून ती औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा, न अडखळता म्हणायची. पण गेल्या वर्षी फळ्यावर वजाबाकीत हातचा विसरली, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "पोळ्या मोजा, पोळ्या!" तेव्हापासून तिने वर्गात तोंड उघडलेलं नाही.

उद्या कॉलेजच्या गणित मंडळाची सभा आहे. एका मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही, असं तिथली मुलं धरून चालली आहेत. ही म्हणते, जातो. संध्याकाळी तिने शेजारच्या लालासाहेब वकिलांकडे ट्रंक कॉल लावला. मी बाजारात गेले होते. निरोप घेऊन आले वकिलांकडचे आप्पासो. फौजेत निरोप पोचवण्याचंच त्यांचं काम होतं. त्यांनी घडाघडा संख्या सांगितली, मी पाटीवर मांडली: ८३८८७०७.

"हिला सत्तेचाळीसनं भाग जातो का, आईनं सोता करून बघावं. जात आसंल तरच उद्या बोलते, म्हनाली."

भाग घातला. सहा उरले. पुन्हा घातला, पुन्हा सहाच. नाही म्हणून कळवायला माझी जीभ रेटेना.

"ऱ्हाऊ द्या," आप्पासो म्हणाले. "सकाळी साला येतो, तवा सांगा."

"सातला?"

"सातला न्हवं, साला! आवं बाईसायब, सा म्हंजे सा, सात म्हंजे सात. फौजेत गोऱ्या सायबाला कळायचं, तुमा पुन्याच्या मानसास्नी कळंना व्हय?"

मी चमकले. "मग मघाची संख्या? शेवटी सातशे सात ना?"

"साशे सात! लय येळा सांगू का?"

साताऱ्यात इतकी वर्षं काढून मी अजून या गिळलेल्या 'ह'ला फसते. पाटी पुसून ८३८८६०७ मांडली. बाकी शून्य.

तेव्हा मला त्या संख्येकडे नीट बघावंसं वाटलं. एक मिळवला आणि निम्मं करत गेले. तेवीस वेळा निम्मं केल्यावर एकावर आले. म्हणजे एकाची तेवीस वेळा दुप्पट करून त्यातून एक वजा केलेली ही संख्या. बी.ए.ला गणितात शिकलेलं आठवलं: अशा संख्येचा कुठलाही भाजक घ्या, त्याला तेविसाने भागलं की एक उरतो. एक सोडला तर असा पहिला विषम आकडा सत्तेचाळीसच. पोरीने अंधारात दगड मारलेला नव्हता. जिथे शोधायचं नेमकं तिथेच तिने हात घातला होता. हे मलाही शिकवलं होतं; पण असं वापरावं, हे मला कधी सुचलं नाही. तिला सुचलं. माझ्या विजूला!

हा निरोप आता कोणाच्या हाती पाठवायचा नाही. सकाळी मीच वकिलांकडे जाऊन सांगलीला कॉल लावते. भाग जातो, एवढंच सांगून फोन ठेवणार नाही. सत्तेचाळीसच का, हे सभेत आधी सांग म्हणेन.