अ‍ॅमेझॉनचं मावंदं

आमच्या शेजारच्या रिटायर्ड हेडक्लार्कांनी जन्मभर प्रवास केला तो येरमाळ्याच्या यात्रेपुरता. यंदा परदेशातल्या लेकानं तिकिटं काढली आणि हे बायकोसकट पाच दिवस अ‍ॅमेझॉनचं जंगल बघून आले. तेव्हापासून धाराशिवातली एकही गोष्ट त्यांच्या पसंतीला उतरत नाही. "ह्यो काय डास हाय व्हय? डास तिकडचे बघावेत!" जनावरं बुजतात म्हणून नावेत गाईड बोलू देत नव्हता म्हणे. पाच दिवसांचं ते तुंबलेलं बोलणं आता गल्लीला ऐकावं लागतं.

परवा तर त्यांनी चक्क मावंदं घातलं. काशीहून आल्यावर गंगेची पूजा करून जेवण घालतात, तसंच. चौरंगावर अ‍ॅमेझॉनच्या पाण्याचा तांब्या, त्याला हळदकुंकू, आणि डोक्यावर तिकडची टोपी घालून हे पळीनं तीर्थ वाटतायत. "घ्या, लई लांबून आणलंय."

"काका, विमानात पाणी आणू दिलं?" तीर्थ पिऊन मी विचारलं. ते पळी भरून पुढच्या हाताकडं वळले.

जेवायला वाढताना काकू हळूच म्हणाल्या, "बाटली विमानतळावरच काढून घेतली. ह्यांचं तोंड एवढंसं झालं हुतं. हे आपल्या बोअरचं हाय. बोलू नका कुणाला."

ऐन मे महिना. गल्लीतले बाकीचे बोअर कधीच आटलेत, आणि टँकर येतो आठवड्यातून एकदा.

मी जेवण उरकलं आणि तीर्थाच्या रांगेत पुन्हा जाऊन उभा राहिलो.