नेपाळला गेलेल्या जीपचं खोटं विम्याचं पान

पोलीस खात्यात असताना खुनाचे, दरोड्याचे बरेच तपास केले. त्यातले कित्येक आता आरोपीच्या चेहऱ्यासकट विसरलो आहे. पण विम्याच्या एका पानाचा तपास अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे, आणि तो माझ्या हातून झाला याचं मला समाधान वाटतं.

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन मुद्देमालाची खोली तपासत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळून एका बाईचा आवाज आला.

"साहेबाला भेटल्याबिगर मी इथून हालणार न्हाई."

अंमलदार तिला सांगत होता की अपघात नेपाळात झालाय, त्याला आपण इथून काय करणार. मी तिला आत बोलावलं.

बाई कुरुंद्याकडची, शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरातली. नवऱ्याची स्वतःची प्रवासी जीप होती. काशी, अयोध्येला तो भाविकांना नेहमी घेऊन जायचा. पशुपतिनाथाला मात्र पहिल्यांदाच गेला होता. सीमा ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशी एक मोटारसायकलवाला त्याच्या जीपला धडकून जखमी झाला. त्याचा पाय मोडला. भाविक रेल्वेनं परत आले, पण जीप आणि जीपवाला तिकडच्या पोलिसांच्या ताब्यात राहिले.

"अपघाताचं समजू शकते साहेब," बाई म्हणाली. "पर ते म्हणून राहिले, ह्याचा विम्याचा कागद खोटा हाय, ह्यानंच बनवला. माझा माणूस चौथी शिकलेला. त्यो काहून कागद बनवील?"

तिनं पिशवीतून पॉलिसीची प्रत काढून टेबलावर ठेवली. पॉलिसीच्या मागं एक जादा पान जोडलेलं होतं. या गाडीचा विमा नेपाळमध्येही लागू राहील, असं त्यावर छापलेलं होतं. तिकडच्या अधिकाऱ्यांनी विमा कंपनीकडं विचारणा केली, तेव्हा पॉलिसी आमची आहे, पण हे पान आमचं नाही, असं उत्तर गेलं. त्यामुळं अपघाताच्या गुन्ह्यावर बनावट कागदाचा संशय चढला होता, आणि त्यापायी त्याला जामीन मिळत नव्हता.

"हे पान कुणी दिलं?"

"एजंटानं. घरी येऊन, माझ्या देखत दिलं."

अपघात परदेशात झाला असला तरी पान दिलं गेलं ते माझ्या हद्दीत. मी फिर्याद घेतली आणि फसवणूक व बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल केला. अंमलदारानं स्टेशन डायरीत नोंद करताना माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं.

एजंट शहरातला. चाळिशीचा, इस्त्रीचे कपडे, बोलायला गोड. निम्म्या तालुक्याच्या गाड्यांचे विमे त्याच्याकडं होते. पहिल्या चौकशीत तो अजिबात डगमगला नाही. "साहेब, मी फक्त साधी पॉलिसी दिली. ते पान त्यानंच कुठंतरी छापून घेतलं असणार. बाई नवऱ्यासाठी बोलणारच ना." पुरावा म्हणून माझ्याकडं फक्त बाईचा शब्द होता. मी त्याला जाऊ दिलं.

दोन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एक माणूस बोलला. नाव सांगायला तयार नव्हता. "साहेब, शिरड शहापूरहून बोलून राहिलो. त्या नेपाळच्या जीपचं ऐकलं. माझ्याकडं बी तसलंच पान हाय. त्याच एजंटाचं."

"पान घेऊन या. तुम्हाला तकलीफ होणार नाही, ही माझी जबाबदारी."

संध्याकाळी तो आला. तोही प्रवासी गाडीवालाच होता. दोन्ही पानं शेजारी ठेवली. गाड्या वेगळ्या, मालक वेगळे, पण पानाचा अनुक्रमांक एकच. कंपनी एक क्रमांक दोन गाड्यांना देत नाही. शिवाय हे दोघे एकमेकांना ओळखतही नव्हते. बाई खरं बोलत होती, याची माझी खात्री पटली.

मी एजंटला पुन्हा बोलावलं. या वेळी समोर कागद ठेवले नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला. माझ्या अनुभवात माणूस आपल्या गुन्ह्याबद्दल जपून बोलतो, पण आपल्या कामातल्या हुशारीबद्दल मोकळेपणानं बोलतो.

"निवृत्तीनंतर माझ्या गाडीनं नेपाळला जावं म्हणतो," मी म्हणालो. "कोणता विमा घेऊ?"

तो सावरून बसला. "गाडी किती जुनी आहे साहेब?"

"चार वर्षांची."

"मग नुसत्या थर्ड पार्टीवर जाऊ नका. त्यात आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढंच भरून मिळतं, आपल्या गाडीचं काही नाही. फुल विमा घ्या. पण फुल घेतला तरी तो भारतापुरताच बरं का. नेपाळसाठी निघायच्या आधी वेगळा अर्ज करायचा. सोबत बसणाऱ्यांचं संरक्षण आहे का, तेही बघून घ्या. लोक स्वस्तातलं घेतात आणि बाहेर गेल्यावर अडकतात."

"नेपाळचा तो कागद मला बाहेर कुठं छापून मिळेल?"

"छे हो. कंपनीच देते. त्याचा नमुना गिऱ्हाइकाला बघायलाही मिळत नाही. अर्ज आमच्यामार्फत जातो, कागद आमच्याच हातात येतो."

मी तेव्हा दोन्ही पानं त्याच्यासमोर ठेवली. "नमुना बघायलाही मिळत नाही, तर चौथी शिकलेल्या जीपवाल्यानं हा हुबेहूब कसा छापला? आणि शिरड शहापूरच्या माणसाला तोच क्रमांक कसा सुचला?"

त्यानं चहाचा कप बाजूला सारला. म्हणाला, "साहेब, नेपाळचा जादा हप्ता मीच ठेवून घेतला. अपघात होईल असं वाटलं नव्हतं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला माहीत होतं. त्याच दिवशी पंचांसमक्ष त्याच्या कार्यालयातला संगणक जप्त केला. त्यात एका जुन्या गिऱ्हाइकाचं खरं पान सापडलं, आणि त्यावरचं नाव व गाडी क्रमांक बदलून तयार केलेली आणखी सहा. कुरुंद्याच्या जीपचं त्यातच होतं.

पंचनाम्याच्या आणि फिर्यादीच्या प्रमाणित प्रती पोलीस अधीक्षकांमार्फत रीतसर नेपाळमधल्या आपल्या दूतावासाकडं गेल्या. मी रोज पाठपुरावा केला. बनावट कागदाचा संशय फिटला आणि जीपवाल्याला जामीन मिळाला. पान आपल्याच एजंटनं दिलं होतं, हे कंपनीलाही अखेर नाकारता आलं नाही. जखमी माणसाच्या उपचाराचा भार तिनं उचलला. बाकीच्या पाचही गाडीमालकांना आम्ही शोधून सावध केलं. त्यातली एक गाडी त्याच आठवड्यात नेपाळला निघणार होती.

जीपवाला परतल्यावर नवरा-बायको ठाण्यात आले. तो हात जोडून उभा राहिला. बाईनं मात्र नवी पॉलिसी माझ्यापुढं ठेवली. "साहेब, हिच्यात काय हाय अन् काय न्हाई, ते सगळं वाचून सांगा." मी ओळ न् ओळ वाचली. ज्या अंमलदारानं तिला परत पाठवायचं ठरवलं होतं, तोही शेजारी उभा राहून ऐकत होता.

त्या तपासानं मला शिकवलं की न वाचता जपून ठेवलेला कागद माणसाला खोटा धीर देतो. आणि पोलिसाकडं येणाऱ्या माणसाला आपल्यावर कोणता अन्याय झालाय, हे नेहमी नीट सांगता येत नाही. तो शोधून काढणं हे आपलं काम असतं. त्या केसबद्दल मला बक्षीस मिळालं नाही, वर्तमानपत्रातही फार काही आलं नाही. तरी माझ्या नोकरीतलं चांगलं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. तीच बाई होती. या खेपेला तीही नवऱ्यासोबत जीपमधून पशुपतिनाथाला निघाली होती, आणि सीमेवरून बोलत होती.

"साहेब, इथल्या शिपायानं कागद मागितला. मी दिला. त्यानं कंपनीला इचारलं, म्हणाला बराबर हाय, जा."

"मग थांबलात कशाला? निघा," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, कुणाचा होता. मी म्हणालो, "माझ्या एका केसचा निकाल आला."