बाजूला ठेवलेली बाटली

वाइनरीत त्यांना सगळे नाकवाल्या बाई म्हणत. पंचवीस वर्षांपूर्वी बाटल्या धुवायला म्हणून लागल्या, आणि एक दिवस जाता-जाता म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या पिंपाला कसलातरी वास मारतोय." उघडून पाहिलं, तर पिंप खरंच बिघडलेलं! तेव्हापासून बाईंच्या नाकाखालून गेल्याशिवाय एक थेंब बाटलीत उतरला नाही.

वाइनरीच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या मेजवानीत बाई पहिल्यांदाच पाहुण्यांच्या टेबलावर, थेट मालकांच्या शेजारी बसल्या होत्या. बसल्या कसल्या, नुसत्या चुळबुळत होत्या. रुमालाची घडी घालायची, मोडायची, परत घालायची. तीन महिन्यांपूर्वी सर्दी झाली आणि त्यांचं नाक गेलं ते गेलंच. साबण, धूर, उतू गेलेलं दूध, कशाचाच वास नाही.

हे ठाऊक होतं एकट्या सुनेला. ती इथेच लेबलं लावायच्या खात्यात होती. बाई औषधाच्या बाटल्यांतून नमुने घरी न्यायच्या. सून ओट्याशी उभी राहून हुंगायची. "आई, हा तुतीसारखा. हा मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा." दुसऱ्या दिवशी बाई तेच वाइनरीच्या वहीत उतरवायच्या. आज वाढपी कमी पडले म्हणून सुनेला ग्लास भरायला बोलावलं होतं.

तीन वाइन झाल्या. पाहुणे ग्लास फिरवत, हुंगत, माना डोलवत होते. त्यांचं बघून बाईही मान डोलवत होत्या. तोंडात नुसतं आंबट पाणी.

चौथी सगळ्यांत खास, जुन्या वेलींची, दहा वर्षं राखून ठेवलेली. सुनेनं एका बाटलीचं बूच काढलं, हुंगलं आणि ती बाटली गुपचूप बाजूला ठेवली. व्यवस्थापकाची नजर पडलीच.

"ही का नाही वाढली?"

"बिघडलीय, साहेब."

"हे तू ठरवणार? लेबलं चिकटवणारी?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. मालक हसत म्हणाले, "अहो, भांडता कशाला? आपलं नाक इथेच बसलंय की! बाई, सांगा बघू."

ग्लास समोर आला. बाटली चांगली आहे म्हटलं तर पोरगी खोटी पडणार. वाईट आहे म्हटलं तर लाज झाकली जाणार, पण कौतुक पुन्हा बाईंच्याच नाकाचं होणार, पोरीचं नाही. सुनेनं डोळ्यांनीच विनवलं, खरं सांगू नका, आई. बाईंनी ग्लास नाकाशी नेला, उगाच श्वास ओढला आणि खाली ठेवला.

"मला वास येत नाही. तीन महिने झाले."

कुणीतरी हसलं. थट्टा वाटली असावी.

"खरंच येत नाही. तेव्हापासून वहीत जे लिहिलं ते हिच्या नाकाचं. ही बिघडली म्हणते ना, मग बिघडलीच असणार."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका वयस्कर पाहुण्यानं ग्लास ओढून घेतला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "गेलीय ही. दुसरी उघडा."

मालकांनी आपली खुर्ची पाहुण्यांकडे वळवली. सोमवारी दोघींना बोलावणं आलं.

"तीन महिने माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत, बाई."

"हो."

"का?"

"नाक गेल्यावर मी इथं कोण उरते?"

मालक सुनेकडे वळून म्हणाले, "आजपासून वास घ्यायचं काम तुझं. सहा महिने बघू. चुकलीस तर परत लेबलं." बाईंना त्यांनी घरी बसायला सांगितलं.

सून आता मान ताठ ठेवून तळघरात उतरते. घरी बाईंना मात्र चैन पडत नाही. भांडी घासून झाली की पुन्हा घासतात. पाळी सुटायला अर्धा तास असतानाच जाऊन वाइनरीच्या फाटकाशी उभ्या राहतात, आणि सून दिसताच विचारतात, "सातव्या पिंपाचं काय? नीट सांग, घाई करू नकोस."