खालची बाजू

देवासच्या बाहेर बापूसाहेबांची खासगी हवाई पट्टी होती. तिच्यावरची गुरं हाकायचं काम मानाजी जाधवांनी उभा जन्म केलं. विमान एकच, दोन माणसांचं. ते वर घिरट्या घालू लागलं की मानाजी काठी घेऊन म्हशींच्या मागे धावायचे आणि विमान टेकलं की घाम पुसत बाजूला उभे राहायचे. आत ते कधी बसले नव्हते. कुणी बसा म्हटलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

शहर पट्टीला येऊन भिडलं. बापूसाहेबांनी जमीन कॉलनीवाल्यांना दिली आणि विमान धारला हलवायचं ठरवलं. ते नेणारा त्यांचा पुतण्या अंशुल म्हणाला, "मानाजीकाका, रविवारी शेजारच्या सीटवर तुम्ही." तेव्हापासून मानाजींचं जेवणात लक्ष राहिलं नाही. बायको विनोदिनी चिडवायची, की नवरदेव तरी इतका उतावीळ नव्हता.

कॉलनीवाल्यांना मात्र दम निघेना. उड्डाणाला पट्टीची वरची बाजू पुरत होती, म्हणून तोडगा निघाला. शनिवारी नाल्याकडची खालची बाजू खोदायची, वरच्या बाजूला विमान जाईपर्यंत हात लावायचा नाही. जेसीबीवाल्याला तेवढं सांगायचं काम मानाजींकडे आलं.

दीपेश जेसीबी घेऊन आला आणि विचारता झाला, "काका, किधर से चालू करूँ?"

"खाली की तरफ से करो, भिया," मानाजी म्हणाले आणि आंघोळीला गेले.

दीपेशनं दोन्हीकडे पाहिलं. नाल्याच्या बाजूला कॉलनीचे पाइप आणि सिमेंटच्या गोण्या रचलेल्या. वरची बाजू मोकळी, नुसतं गवत. हिंदीत मोकळ्यालाच खाली म्हणतात. त्यानं यंत्र वर वळवलं.

मानाजी ओल्या अंगानं धावत आले, तोवर पट्टीला आडवा चर पडला होता.

"अरे, खाली बोला था ना!"

"तो खाली ही तो है, काका. देख लो, कुछ है उधर?"

मानाजींनी पाहिलं. खरंच काही नव्हतं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं सगळं आयुष्य गेलं होतं आणि या शब्दानं आजवर दगा दिला नव्हता.

चर बुजवू, असं दीपेश म्हणाला. ताज्या भरावात चाक रुतेल, असं म्हणून अंशुलनं मान हलवली. पंख सुटे करून विमान ट्रेलरवर चढवावं लागलं.

"काका, सीट तुमचीच आहे," अंशुल म्हणाला. "बसताय?"

हा चेष्टा करतोय की काय, म्हणून मानाजींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो करत नव्हता. मग ते ट्रेलरवरच्या विमानात चढले, पट्टा बांधून बसले. इंदूरच्या बायपासवर लोक गाड्या हळू करून मोबाइल काढत होते. मानाजी नाकासमोर बघत राहिले.

संध्याकाळी धारहून फोन केला, तेव्हा विनोदिनीनं विचारलं, कसं काय वाटलं.

"खड्डे फार लागले," मानाजी म्हणाले. "येताना बसनं येतो."