मामाशी लग्नाचा ठपका

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी बाबांना बनियनवर उभं केलं आणि चालायला सांगितलं. समोर बाकांवर शिकाऊ डॉक्टर. बाबांचे हात उडत होते, मान झटके घेत होती, पाय भलतीकडेच पडत होते. म्हैसूरच्या अग्रहारात शिवणकामात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, ते माझे बाबा. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या डॉक्टरांनी त्याला गप्प केलं नाही.

मग त्यांनी आईला विचारलं, लग्नाआधी हा तुझा कोण होता?

"सोदरमाव," आई म्हणाली. सख्खा मामा. आमच्या इकडच्या शिंपी घरांत ही रीतच. पोरगी परक्यात गेली नाही, याचंच लोकांना समाधान. डॉक्टर मुलांकडे वळून इंग्रजीत काही बोलले. सगळे हसले. मग आईला कळावं म्हणून कन्नडात म्हणाले, "मामाशी लग्न केलंस ना? हे त्याचं फळ. आता भोग."

मी दाराशी बाबांचा सदरा धरून उभी होते. शाळकरी पोर.

आईनं ते वाक्य घरी आणलं. बाबांना भरवताना त्यांची माफी मागायची. टी. नरसीपूरला संगमावर अस्थी सोडताना म्हणाली, मीच खाल्लं यांना. माझं मामाच्या मुलाशी ठरत आलेलं लग्न तिनं मोडलं. नंजनगूडच्या त्या मामाशी, तिच्या सख्ख्या भावाशी, बोलणं टाकलं.

गेल्या वर्षी बेंगळुरूत एका डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून नीट समजावलं. रोगाचं नाव हंटिंग्टन. बिघडलेलं जनुक आई किंवा बाप, एकाकडून आलं तरी पुरे. बाबांकडून ते मला आलं असण्याची शक्यता अर्धी. मामाशी लग्नाचा याच्याशी संबंध नाही. बाबांनी परक्या मुलीशी लग्न केलं असतं तरी ते असेच गेले असते.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"एवढे मोठे डॉक्टर सुळ्ळु सांगतील काय गे? खोटं सांगून त्यांना काय मिळायचंय?"

तिचा विश्वास माझ्यावर नाही. त्या बाईंवर नाही. त्या माणसावर आहे.

आता तोच माणूस या रोगाच्या जनुकांवर संशोधन करतोय. आमच्यासारखं मोठं घराणं त्याला हवंय, सगळ्यांचं रक्त हवंय. त्यानं स्वतः मला फोन केला. मी म्हणाले, "आधी माझ्या आईसमोर येऊन सांगा, की तुम्ही चुकलात." तो म्हणाला, इतकं जुनं आठवत नाही. मी फोन ठेवला.

मग घराघरांत फिरले. काका, आत्या, चुलत भावंडं, सगळ्यांना त्या दिवशीचं सांगितलं. रक्त द्यायचं तर बेंगळुरूच्या बाईंना द्या. त्याच्यापुढे कुणी बाही वर करायची नाही. सगळे कबूल झाले. त्याचं काम आमच्यावाचून अडलंय. अडू दे. मला बरं वाटतं, अगदी मनापासून.

परवा ब्लाउजला हुक लावताना माझं बोट आपोआप उडालं. असेल तेच. नसेलही. उद्या त्यानं औषध शोधलं तरी मी त्याच्या दारात जाणार नाही. त्यानं यावं. चप्पल बाहेर काढून आईसमोर जमिनीवर बसावं आणि कन्नडात, तिला कळेल असं सांगावं, की अम्मा, तुमची काही चूक नव्हती.

आई आहे तोवर त्याला मुदत आहे. नंतर आला तर दार उघडणार नाही.