निर्मलाकाकू आणि बेटावरचं झुडूप

निर्मलाकाकूंना मी प्रथम पाहिलं तेव्हा त्या सिडनीतल्या एका रोपवाटिकेच्या दारात स्टुलावर बसून जुन्या टूथब्रशने बुटांचे तळ घासत होत्या. मी थेट आत निघाले, तर म्हणाल्या, "थांब गं. पायाला काय चिकटलंय ते पायालाही ठाऊक नसतं." आणि ब्रश माझ्या हातात दिला.

आत होती ऑस्ट्रेलियाच्याच लॉर्ड हाऊ बेटावरून आणलेली बारा कलमं. पांढऱ्या फुलांचं ते झुडूप त्या बेटावरच्या डोंगरमाथ्यावर, ढगांत भिजणाऱ्या जंगलातच उगवतं, आणि तिथेही आता मोजकंच उरलं आहे. मातीतून एखादा रोग शिरला तर सगळं संपायचं, म्हणून ही काळजी.

काकू नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. निवृत्तीनंतर सिडनीच्या वेंटवर्थव्हिल उपनगरात मुलाकडे आल्या. गुडघ्यांमुळे तो डोंगर आपल्याला चढता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. "माहेर नाही बघितलं तरी सुनेला ओळखता येतं," म्हणायच्या. मी आयटीतली, शुक्रवारी सुट्टी घेऊन येणारी हौशी स्वयंसेवक.

जानेवारीतल्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या, एका शुक्रवारी फवाऱ्याची तोंडं साफ करायला मी पाणी बंद केलं. तेवढ्यात मुलीच्या शाळेतून फोन आला, तिला ताप होता. मी तशीच धावले. शनिवारी रोपवाटिका बंद, बाहेर अंग भाजणारं ऊन. रविवारी काकूंनी दार उघडलं तेव्हा नऊ कलमं वाळलेली होती.

आमची प्रमुख हेलन समजूतदार होती. "हीटवेव्ह होती, नो वरीज," म्हणाली. मला रडू आवरेना. काकूंनी माझ्यासमोर नोंदवही ठेवली.

"लिही. फवारा मी बंद केला आणि चालू करायला विसरले."

"काकू, हेलन म्हणतेय ना, उन्हामुळे..."

"ऊन तर होतंच. पण नुसतं उन्हाचं नाव लिहिलंस, तर उद्या फवारा कोण बघेल?"

मी लिहिलं. खाली सही केली. मग त्यांनी डब्यातलं थालीपीठ काढून अर्धं मला दिलं आणि म्हणाल्या, "आता तीन आहेत. शुक्रवारी ये." मी पुन्हा यायचं नाही असं ठरवून आले होते. ते त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

ती तीन कलमं जगली. तिसऱ्या वर्षी फुलली. फुलं चिमुकली, जवळ गेल्याशिवाय वास न येणारी. एका झुडपाचा पराग कुंचल्याने दुसऱ्याच्या फुलाला लावायचा होता. काकूंनी कुंचला उचलला, आपल्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं आणि तो मला दिला.

"मी?" मी म्हटलं. "पुन्हा काही चुकलं तर?"

"तर पुन्हा लिहू. कर."

बी धरलं. हेलनने ते बेटावरच्या रोपवाटिकेत पाठवलं.

परवाच्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी, त्या हॉस्पिटलमध्ये असताना, बेटावरून फोटो आला. काळ्या कुंड्यांत अकरा रोपं, प्रत्येकाला दोन-दोन पानं. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून एकेक रोप मोठं करून पाहिलं. मग फोन उशाशी ठेवला आणि डोळे मिटले. मागायला जीव होईना. मी फोनशिवायच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तो घ्यायला गेले, तर काकू झोपल्या होत्या. नर्सने मला दारातच ओळखलं. म्हणाली, "अकरा रोपांची मुलगी तूच ना? काल त्यांनी सगळ्या वॉर्डला फोटो दाखवला. म्हणत होत्या, ही आमच्या मुलीच्या हातची."