सरजामावशीचा आवाज

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझ्या कवळीपासून चोरून खाल्लेल्या जिलेबीपर्यंत तिला सगळं कळतं, पण हे नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही अनोळखी आहात म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर मी काय बोलून बसतो, तेच तर सांगायचं आहे.

गोंदियात माझं चष्म्याचं दुकान आहे, घर फुलचूरला. पण लोक मला ओळखतात ते पिक्चरसाठी. डोळे तपासायला बसलेला माणूस अक्षरं वाचता वाचता मध्येच विचारतो, "इस फ्रायडेवाला कैसा है?" रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका पिक्चरची किंमत मारामाऱ्यांवरून ठरवतात. शेजारच्या वहिनींना भुताचा पिक्चर पाहून हातातला चहा सांडला नाही, तर तो भुताचाच वाटत नाही. कॉलेजची पोरं सगळ्याला 'स्लो' म्हणतात. आणि जुन्या काळ्या-पांढऱ्या पिक्चरांचे भक्त तर नव्या पिक्चरचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. या सगळ्यांच्या वर मी! मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे. दर शुक्रवारी मी त्यात माझं मत बोलून टाकतो, आणि तिरोड्यापर्यंतची माणसं ते ऐकून तिकीट काढायचं की नाही ते ठरवतात.

मला हे आवडायचं. अजून आवडतं — खोटं कशाला बोलू? 'पहिला भाग पकड घेतो, दुसरा ढेपाळतो' असं म्हटलं की कुठल्याही पिक्चरला चालून जातं. एकदोनदा तर न पाहताच म्हटलंय. पण तो माझा गुन्हा नव्हे. ती नुसती लबाडी झाली.

टेकराम माझा शाळेतला मित्र, दवनीवाड्याचा. धानाची शेती करतो आणि बारशापासून लग्नापर्यंत सगळ्यांचं शूटिंग करतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात पिक्चर काढायचं खूळ शिरलं. कॅमेरा त्याचा, कलाकार गावातले, आणि बोली आपली, घरात बोलतो ती. गोष्ट साधीच. मुलगा शहरात नोकरीला जातो, भांडून घर सोडतो, वर्षभरानं परत येतो. आईचं काम टेकरामच्या सख्ख्या मावशीनं केलं होतं. सरजामावशी. तिनं आयुष्यात कधी नाटकातसुद्धा काम केलेलं नव्हतं.

गोंदियातल्या एका मंगल कार्यालयात पांढरा पडदा लावून टेकरामनं तो ओळखीच्या लोकांना दाखवला. माझ्या बाजूला कपड्याचे व्यापारी दिनेशभाई बसले होते. आमच्या ग्रुपमधलं मोठं प्रस्थ. सुरुवातीला मी दिवे कुठे चुकले, कॅमेरा कुठे हलला, ते मनात टिपत होतो. सवयच ती.

मग तो प्रसंग आला. मुलगा परत आलाय, ओट्यावर पाठ करून बसलाय, बोलत नाही. आई आतून ताट घेऊन येते, त्याच्या बाजूला ठेवते आणि म्हणते, "पयले जेवून घे गा, मंग रुस."

एवढंच.

माझी आई अगदी असंच बोलायची. गोंदियात दुकान टाकलं तेव्हा ती गावाहून माझा डबा घेऊन यायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारत बसायची. "काऊन गा, डोये दुखून राह्यले का?" गिऱ्हाईक हसायचं. प्रेमानंच हसत असेल, मला काय माहीत? मला लाज वाटायची. एक दिवस मी तिला म्हटलं, तू आत बसत जा, लोकांसमोर बोलू नको. ती आत बसू लागली. पुढे डबा दुसऱ्याच कुणाच्या हाती येऊ लागला. या गोष्टीवर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, आणि आता ती नाही.

तर मंगल कार्यालयातल्या त्या अंधारात मी रडलो. नुसतं डोळ्यात पाणी वगैरे नाही — तोंडावर रुमाल दाबून रडलो. इतके पिक्चर पाहिले, कुठल्याही पिक्चरनं माझं असं केलं नव्हतं.

दिवे लागले. दिनेशभाई माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "क्या भाई, ये कौनसी भाषा थी? वो बुढ़िया तो कॉमेडी कर गई!"

आणि मी हसलो. रुमाल खिशात कोंबला आणि म्हटलं, "हां, हँसते हँसते आँख में पानी आ गया."

का म्हटलं असेन? दिनेशभाई काही माझे मालक नव्हते. मला आवडला एवढं म्हटलं असतं तर त्यांनी खांदे उडवले असते आणि आम्ही चहाला गेलो असतो. पण मग माझे डोळे लाल का, हे सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा म्हातारीला हसणं सोपं वाटलं.

तिथंच थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. पण त्यांच्यासमोर एकदा बोललेलं मला टिकवायचं होतं ना! त्या शुक्रवारी ग्रुपवर मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, 'प्रयत्न प्रामाणिक आहे, पण भाषेमुळे गंभीर प्रसंगात हसू येतं, विशेषतः आईच्या तोंडी.' हे वाक्य माझं आहे. शब्द न् शब्द माझा.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, जत्रा. घरोघर पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात आणि रात्री नाटक असतं. त्या वर्षी दवनीवाड्याच्या मंडईत नाटकाऐवजी टेकरामचा पिक्चर दाखवायचं जवळपास ठरलं होतं. मंडईच्या समितीतल्या कुणीतरी माझं बोलणं सगळ्यांना ऐकवलं. पाहुण्यांपुढे हसं कशाला करून घ्यायचं, असं म्हणून त्यांनी नाटक मंडळी ठरवली.

टेकराम दुकानात आला. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तू म्हनते त खरंच असन गा. तू येवढे पिक्चर पाह्यले. मले का समजते? मावशीचा आवाजच बदलवून टाकतो."

मी एका फ्रेमचा स्क्रू पिळत होतो. तेव्हा मान वर करून 'नको' म्हणायचं होतं. एक शब्द. दिनेशभाई नव्हते, ग्रुप नव्हता, दुकानात आम्ही दोघंच. मी मान वर केली नाही. म्हटलं, "बघ, जमलं तर."

त्यानं ते जमवलं. नागपूरला जाऊन कुठल्याशा बाईकडून आईचे सगळे संवाद पुन्हा बोलून घेतले. छान, धुतल्यासारखी मराठी. आणि कॉम्प्युटरमध्ये जागा हवी म्हणून मावशीच्या आवाजातलं जुनं सगळं पुसून टाकलं. हे त्यानं मला मोठ्या उत्साहानं सांगितलं. माझा सल्ला मानल्याचा उत्साह होता तो.

पुढच्या वर्षी मंडईत पिक्चर लागला. दिवेलागणीनंतर पडदा ताणला, अख्खा गाव लोटला. सरजामावशी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली होती. डोळ्यावर चष्मा माझ्याच दुकानातला. टेकरामनं मोठ्या मानानं मला तिच्या बाजूला बसवलं. आवाज बदलल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नुसतं काम तर केलं होतं तिनं, तिला विचारायचं काय? असं सगळ्यांना वाटलं असणार.

पडद्यावर ती ताट घेऊन ओट्यावर आली. तोंड उघडलं. "आधी जेवून घे बाळा, मग रुसून बस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कोन बोलून राह्यली गा बापू?"

मी म्हटलं, "आवाज साफ येतो मावशी असा."

हो, असंच म्हटलं. पुन्हा खोटंच. तेही तिच्या तोंडावर.

तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "साफ आहे. मंग मी कायले बोलली येवढं?"

पिक्चर संपेपर्यंत ती बसून होती, आणि लोक येऊन तिचं कौतुक करत होते तेव्हा नुसती मान हलवत होती. एरवी ती केवढी बोलायची.

मावशी गेली त्याला आता वर्ष होईल. टेकरामनं पुन्हा पिक्चर काढला नाही, पण अजून दर शुक्रवारी माझं मत विचारतो. त्याला खरं सांगितलं तर त्यानं स्वतःच्या हातानं काय पुसलं, तेही त्याला कळेल. म्हणून सांगत नाही, असं मी स्वतःला समजावतो. पण तसं नाही. आजही मी घाबरतो, एवढंच खरं.

परवाच्या शुक्रवारीही मी ग्रुपवर बोललो. पहिला भाग पकड घेतो, दुसरा ढेपाळतो.

टेकरामच्या पिक्चरबद्दल माझं मत असं आहे. कॅमेरा दोन ठिकाणी हलतो. मुलाचं काम बेताचं आहे. आईचं काम मी आजवर पाहिलेल्या सगळ्या कामांत चांगलं होतं, आणि तिच्या आवाजानं मी रडलो. तो आवाज आता कुठेही नाही.